पाळीवरचा उरलेला खडा

"माणसं उन्हाळ्यात थंड हवेच्या गावाला जातात, आणि ही बाई निघाली नागपूरला!" आमच्या शेजारणीनं हे मला ऐकू येईल अशा बेतानं म्हटलं. मीही तिला ऐकू येईल अशा बेतानं ट्रंकेचं झाकण आपटलं.

मला कुठं हवा खायला जायचं होतं? मला हवा बघायला जायचं होतं. आमची शुभा नऊ वर्षांची, आणि पाचव्या वर्षापासून तिला दमा. रत्नागिरीत पाऊस लागला की भिंतींना ओल येते, कपड्यांना कुबट वास येतो आणि शुभाच्या छातीत सूं सूं सुरू होतं. उशांना टेकून बसलेलं पोर आणि तिच्या पाठीला कान लावून बसलेली मी, असे आमचे चार पावसाळे गेले. शेवटी डॉक्टरच वैतागले. म्हणाले, "बाई, औषधं मी देतोच आहे. पण हिला कोरड्या हवेत न्या आणि घरात कोंडून ठेवू नका. चालू द्या, धावू द्या, झाडावर चढू द्या. छाती वाढायची ती मोकळ्यावरच वाढेल."

ह्यांच्या खात्यात बदलीसाठी तीन गावांतलं एक लिहून द्यायचं होतं. सोलापूर, नाशिक, नागपूर. महिनाअखेर कागद गेला नाही तर पुढची तीन वर्षं रत्नागिरीच. सोलापूर मी दिवाळीत पाहून आले. हवा कोरडी खरी, पण जिथं घर मिळत होतं तिथं पोरीनं खेळायचं ते रस्त्यावर, बैलगाड्यांच्या मधून. नाशिकला मोकळी जागा हवी तेवढी, पण पहाटेच्या गारठ्यानं दुसऱ्याच दिवशी छाती वाजली आणि आम्ही आल्या पावली परतलो. उरलं नागपूर. ह्यांना रजा नव्हती, माझे पेपर तपासून झाले होते. मी शाळेत गणित शिकवते. ह्यांचं म्हणणं, गणिताची बाई कुठल्याही गावाचा हिशेब बरोबर मांडील.

तो कसा मांडला ते सांगते. कुणाला पटलं नाही तर त्यानं मला खुशाल वेडी म्हणावं. मीही स्वतःला दोनदा म्हणून पाहिलंय.

सोमवार, धरमपेठ

स्टेशनवर कुसुम आली होती. पुण्याला बी.टी. करताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मला पाहताच तिनं फलाटावरच गळा काढला, "काय वं, वाळून गेली तू! ते मासे खाऊन खाऊनच असं होते." मी म्हटलं, मासे खाऊन कुणी वाळत नाही. तिनं ते कानामागं टाकलं आणि शुभाच्या फ्रॉकच्या खिशात एक कांदा कोंबला, दुसरा माझ्या हातात दिला. "कमरेले खोवून ठेव. ऊन लागत नाही." नागपुरात माझा पहिला आहेर हा.

तिचं घर धरमपेठेत. पुढं अंगण, मागं कडुलिंब, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. त्यावर पाणी मारलं की असा काही सुवास येतो की उन्हाळ्याचा राग निम्मा उतरतो. जेवायला गोळाभात, म्हणजे भातात शिजवलेले डाळीच्या पिठाचे गोळे, आणि हुडकेश्वरच्या त्यांच्या शेतातून आलेली अंबाडीची भाजी. गोळ्यावर कढत तेल ओतलं तेव्हा मी किंचाळलेच. कुसुमचे यजमान वामनराव हसून म्हणाले, "घाबरू नका बाई, अजून तर लसणाची फोडणी बाकी हाय." माझ्या जिभेचं जे व्हायचं ते झालं. शुभानं मात्र दोनदा मागून घेतला.

बारा वाजले आणि गल्लीतलं शेवटचं दार लागलं. आमच्याकडे दुपार म्हणजे कुठं नारळ सोलतायत, कुठं कोंबड्या भांडतायत. इथं चिटपाखरू नाही. रस्ता पांढरा फटक, आणि एवढ्या मोठ्या शहरातून एकही आवाज येत नव्हता. मी खिडकीतून पाहत होते तर कुसुम मागून म्हणाली, "काहून उभी हायस तिथं? दुपारी बाहेर पाहू नये." मी विचारलं, का? ती म्हणाली, "डोळे दुखते," आणि पडदा ओढला. पण हे सांगताना ती रस्त्याकडे बघत नव्हती.

मंगळवार, तलावाची पाळ

पहाटे पाचला आम्ही अंबाझरीच्या तलावावर. एवढं पाणी, पलीकडे जंगल, अंगाला लागणारा गार वारा आणि त्या वाऱ्यात ओल म्हणून नाही. माझा निम्मा निर्णय तिथंच झाला. इथली माणसं चालतात तरी किती! दंड बैठका काढणारे वेगळे, पोहणारे वेगळे, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून नुसतं पाण्याकडे बघणारे वेगळे.

वामनरावांची मंडळी पाचजणांची. सगळ्यांत थोरले दादाजी, जंगलखात्यातून निवृत्त झालेले, हातात काठी पण टेकत कधीच नाहीत. तलावाला वळसा घालायचा, पलीकडे मोहाच्या मोठ्या झाडापाशी वळायचं आणि शेतातल्या पायवाटेनं पाळीवर परत यायचं. दीड तासाचा फेरा. कुसुम शुभाला घेऊन तिथल्याच नळाजवळ बसली, मी मंडळींबरोबर निघाले.

निघायच्या आधी एक गंमत झाली. पाळीच्या टोकाला एक सपाट दगड आहे. प्रत्येकानं खालून एकेक खडा उचलला आणि त्या दगडावर ठेवला. मलाही ठेवायला लावला. दादाजी म्हणाले, "गुराख्यायची रीत हाय ही. जाताना ठेवायचा, आल्यावर उचलायचा. खडा उरला म्हणजे कोणी मागं राहिलं. कोणाचा चालायचा वेग कसा, कोणाचा कसा. मंग माणूस हरवत नाही." मला ही रीत फार आवडली. सहलीला मुलं मोजताना माझा घसा बसतो, त्यापेक्षा हे किती सोपं.

परत आलो. एकेकानं आपला खडा उचलून तलावात भिरकावला. मीही भिरकावला. सहाही जण हजर होते, आणि दगडावर एक खडा उरला होता.

"कुणाचा राहिला?" मी विचारलं.

"राहू द्या बाई," दादाजी चपला झटकत म्हणाले. "तो मागून येते."

कुणी मागं वळून पाहिलं नाही. सगळे चहाच्या गोष्टी करत पाळ उतरले. मी मात्र वळून पाहिलं. पायवाट लांबवर दिसत होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं.

घरी येताना शुभा वामनरावांचं बोट धरून पुढं गेली, तेव्हा कुसुमनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मंडळीत गुलाबराव मास्तर होते. शाळेत ड्रिल शिकवायचे. ते मुद्दाम सगळ्यांच्या मागं चालायचे, कोणी राहिलं का ते बघत, आणि शेवटचा खडा तेच उचलायचे. एका सकाळी सगळे परत आले आणि एक खडा उरला. थांबले, हाका मारल्या. मोहाच्या झाडाखाली मास्तरांची एक चप्पल सापडली. ढिवरांनी, म्हणजे इथल्या कोळ्यांनी, जाळी टाकून तलाव धुंडाळला, जंगलखात्याची माणसं जंगल फिरली. पाण्यात नाही, जंगलात नाही.

"आणि तेव्हापासून रोज एक खडा जास्तीचा," कुसुम म्हणाली. "आपण गेल्यावर मास्तर येते, उचलून घेते. दुसऱ्या दिवशी दगड साफ असते."

"अगं, कोणीतरी दोन खडे ठेवत असेल!"

"असन," ती म्हणाली. "आम्ही पाहत नाही."

आमच्या कोकणात भुतं काही कमी नाहीत. पण तिथं प्रत्येकाची जागा ठरलेली, नारळ ठरलेला, कोंबडं ठरलेलं. एकदा दिलं की मोकळे. इथं नारळ नाही, गाऱ्हाणं नाही. फिरायला जाऊन यावं तितक्या सहज हे लोक ते अंगावर घेऊन घरी पोहे खायला गेले होते. ते मला जास्त झोंबलं.

अकराच्या सुमाराला कुसुम मला घर दाखवायला घेऊन गेली. शुभा झोपली होती, तिला वामनरावांपाशी ठेवलं. दोनच गल्ल्या पलीकडे, वरचा मजला रिकामा. दोन खोल्या, चारी बाजूंनी वारा, गच्ची, आणि गच्चीवरून तलावाची कड दिसत होती. मालकीण गिरिजाबाई साठीच्या, बारीक, ताठ. भाड्याचं त्यांनी काही बोलूच दिलं नाही. "पोरगी हाय ना तुमची? धावते का घरात?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, धावली तर दम लागतो. त्या म्हणाल्या, "मंग हळू हळू धावल."

खाली उतरताना ओसरीतल्या फळीवर मला एक चप्पल दिसली. एकच. डाव्या पायाची, पुरुषाची. धुऊन पुसून ठेवलेली, अंगठा नव्यानं शिवलेला. मी कुसुमकडे पाहिलं, तिनं डोळ्यांनी हो म्हटलं. मास्तरांचंच घर होतं ते.

बाहेर आल्यावर मी तिला दटावलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "आधी सांगतलं असतं तर तू घर पाह्यलं असतं का?" नसतं पाहिलं. खोटं कशाला बोलू?

बुधवार, माझी चूक

आज मी मोजायचं ठरवलं. मंडळी पाच आणि मी सहावी. सपाट दगड मी आधी पदरानं झाडून घेतला, दादाजी नुसते हसले. मग एकेकाचा हात पाहत मी मोजलं. सहा हात, सहा खडे. कुसुम आणि शुभा समोरच नळाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. शुभाला सांगून ठेवलं, या दगडावरून नजर हलवायची नाही.

परत आलो तर सात.

"कोण आलं होतं इथं?" मी शुभाला विचारलं.

"कोणी नाही."

"नीट आठव."

"आई, मी बघतच होते. कोणी नाही आलं." तिनं असं सांगितलं की जणू मीच मूर्ख. कुसुम शेंगा सोलत होती, तिनं मान वर केली नाही.

सगळ्यांनी आपापला खडा उचलला आणि पाय धुवायला नळाकडे गेले. दगडावर तो एकटा उरला. तांबूस, गोल, पांढऱ्या ठिपक्यांचा. आता जे केलं ते का केलं ते सांगते. वीस वर्षं मी मुलांना शिकवतेय की बाकी उरली तर गणित पुन्हा करा. उरलेलं मला सोसत नाही. आणि मला वाटलं, ही म्हातारी माणसं स्वतःला फसवतायत, एकदा दगड रिकामा दिसला की सुटतील. मी तो खडा उचलला. ओला होता. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

पाय धुऊन दादाजी वळले. दगडाकडे पाहून ते जागच्या जागी थांबले. कधी काठी न टेकणाऱ्या त्या माणसानं काठी टेकली. मग डोळे पुसले, हात जोडले आणि भराभरा पाळ उतरून गेले. चहाची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही. मी पर्स काखेत दाबून धरली आणि सगळ्यांच्या मागोमाग पाळ उतरले.

दुपारी बाराच्या आत घराचं नक्की करायला म्हणून मी एकटीच गिरिजाबाईंकडे गेले. दार सताड उघडं. नागपुरात, एप्रिलात, त्या वेळेला! अंगणात पाणी मारलेलं, दाराशी रांगोळी. गिरिजाबाई हिरवं लुगडं नेसल्या होत्या. ओसरीत पाट मांडलेला, पाटासमोर ताट वाढलेलं. पाटवडीचा रस्सा, भात, भाकरी, चिरलेला कांदा. मोरीत घंगाळात पाणी काढून ठेवलं होतं.

"या वं," त्या म्हणाल्या. चेहरा नव्या नवरीसारखा. "मास्तर आले. दादाजी सांगून गेले. सगळे तिथंच असताना खडा उचलला गेला म्हणे. म्हणजे संगंच आले ना आज! आता रस्त्यात कोणी भेटलं असन, बोलत उभे असन."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी पर्स उघडली. त्या उन्हात ओला टॉवेल मिनिटात वाळतो, पण माझा रुमाल चिंब होता. पर्सच्या तळाशी पाणी साचलं होतं. मी खडा बाहेर काढला आणि म्हटलं, "बाई, हा मी उचलला. मला कळलं नाही. चुकले मी."

त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या उठल्या आणि त्यांनी दार लावलं, कडी घातली. आत अंधार झाला.

"बसा," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"पाटावर. वाढलेलं ताट परत नाही नेत आमच्याकडे."

मी बसले. जेवले. रस्सा इतका जाळ होता की डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यातल्या किती रश्श्याच्या होत्या ते मला सांगता येणार नाही. गिरिजाबाई समोर बसून वारा घालत होत्या आणि बोलत होत्या, पण माझ्याशी नाही. "मास्तरले तिखटच लागे. कमी झालं की उठून जात. आज बरोबर झालं." माझ्या मागं ओसरीच्या फळीवर ती चप्पल होती, आणि मला सारखं वाटत होतं की कोणीतरी माझं जेवण होण्याची वाट बघत मागं उभं आहे. भाकरीचा शेवटचा तुकडा मी कसा गिळला ते माझं मलाच माहीत.

हात धुतल्यावर त्यांनी खडा माझ्या मुठीत दिला. "उद्या निघतानाच ठेवून द्या. मीबी येते पाळीवर. आन् मास्तरचं ताट जेवली ना तुम्ही, तर उद्या मास्तरचं कामबी करा. सगळ्यायच्या मागं चाला."

गुरुवार, मोहाचं झाड

गाडी संध्याकाळची होती, म्हणजे ही शेवटची सकाळ. शुभानं हट्टच धरला की आज मी पूर्ण फेरा चालणार. छाती स्वच्छ होती, डॉक्टरांचे शब्द आठवले, मी हो म्हटलं. कुसुमनं तिचा हात धरला. मंडळी पाच, कुसुम, शुभा, मी. आठ खडे ठेवले, आणि नववा तो तांबूस. मी काय केलं होतं ते सगळ्यांना कळलं होतं. कोणी रागावलं नाही. दादाजी एवढंच म्हणाले, "होते बाई." गिरिजाबाई तीन वर्षांत पहिल्यांदा पाळीवर आल्या होत्या. नळाच्या कट्ट्यावर पदर घेऊन बसल्या.

मी मागं राहिले. पुढच्यांचं बोलणं हळूहळू लांब गेलं. उजवीकडे पाणी, डावीकडे वाळलेलं गवत. आणि मला माझ्या मागं पावलं ऐकू आली. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. मी थांबले की थांबायची. मी पाढे म्हणायला लागले, एकोणतिसाचा पाढा, जो मला झोपेतही चुकत नाही. एकोणतीस सत्ते चुकला. मग मात्र मी डोक्यावरून पदर ओढला, नजर पायाखाली ठेवली आणि जवळजवळ पळतच सुटले. मोहाचं झाड केव्हा आलं, केव्हा गेलं, नुसता गोड उग्र वास आला तेवढा कळला. मागं वळून बघायचं माझं काम होतं. मी वळले नाही.

पाळीवर पोहोचले तेव्हा धापा टाकत होते. दादाजींनी खडा उचलला. वामनरावांनी, तिघांनी, कुसुमनं. मी उचलला.

दगडावर दोन खडे होते.

"शुभा कुठाय?" मी विचारलं.

कुसुमचा चेहरा उतरला. "तुयाजवळ नाही? मोहाजवळ हात सोडवून गेली, म्हणे आईजवळ जाते. मले वाटलं..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी पायवाटेनं उलटी धावले, चपला कुठं पडल्या ते कळलं नाही. नऊ वर्षांचं पोर, दम लागला तर जवळ गोळी नाही, पंप नाही, बाजूला पाणी. आणि मागं जे होतं ते तिच्यापाशी सोडून मी पळाले होते, मी, तिची आई. "शुभाऽऽ" म्हणून मी हाका मारत सुटले.

आणि वळणावरून ती आली. फ्रॉकच्या घोळात मोहाची फुलं, चालतेय सावकाश. ओठ हलतायत. जवळ आली तेव्हा ऐकू आलं, ती मोजत होती. "एक, दोन, तीन, चार." मग पुन्हा, "एक, दोन, तीन, चार."

मी तिला तिथंच धरून खाली बसले आणि पाठीला कान लावला. काही नाही. सूं नाही, घरघर नाही. दीड तास चालून आलेल्या माझ्या लेकीची छाती गप्प होती. मी रडले, अगदी मोठ्यानं.

"अगं आई, काय झालं? मी फुलं वेचत होते. उठले तर कोणीच नाही. मग छाती भरून आली. पण मागून एक काका आले. म्हणाले, घाई नको करू वं पोरी. चार पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. मी पण तसंच चालतो."

पाळीवर आलो. सगळे उभे होते. शुभानं दोन खड्यांतला आपला बरोबर ओळखून उचलला आणि पाण्यात फेकला. तांबूस तेवढा राहिला. गिरिजाबाई पुढं आल्या, गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या उंचीइतक्या वाकल्या.

"कसे होते वं ते काका?"

"उंच. गळ्यात शिट्टी होती. आणि डाव्या पायात चप्पलच नव्हती. मी म्हटलं, काका, काटे टोचतील. तर म्हणाले, घरी हाय ती."

वामनरावांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. गिरिजाबाईंचा आवाज मात्र हलला नाही.

"आता कुठी गेले?"

"मागंच राहिले. म्हणाले, तू हो पुढं. अजून कोणी राहिलं का ते पाहतो."

गिरिजाबाई हसल्या. आधी बारीक, मग खळखळून, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "पाहा वं बाई," त्या मला म्हणाल्या, "असाच हाय तो माणूस. घरी भाकर थंडी झाली तरी चालन, पर मागं कोणी राहिलं तर याले जमत नाही."

रत्नागिरी

घरी आल्यावर मी शुभाला तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं, परीक्षेत विचारतात तसं. उत्तर तेच. गिरिजाबाईंच्या ओसरीत ती कधी गेली नव्हती. चपलेचं तिच्यापुढं आपण बोललो नाही, अशी कुसुमनं स्टेशनवर शपथ घेतली. पोरं ऐकतात, जोडतात, रचतात, असं हे म्हणतात. असेल. मग ते चार पावलांचं कुठून आलं? परवा अवकाळी पावसाची सर आली, भिंत ओलावली, तर शुभा उशीला टेकून आपली आपण मोजत बसली. छातीत सूं सूं झालं, पण अर्ध्या तासात थांबलं.

मला भीती वाटते का? वाटते. ज्या ओसरीत मी ते ताट जेवले तिच्याच वर आम्ही राहायला जाणार आहोत. दुपारी खिडकीतून मी बाहेर बघणार नाही, हे आत्तापासून ठरलंय. पण त्या सकाळी मी पळाले आणि दुसरं कोणीतरी थांबलं, हे मला विसरता येत नाही.

कुसुमचं पत्र आलंय. आम्ही निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई ती चप्पल घेऊन पाळीवर गेल्या आणि खड्याशेजारी ठेवून आल्या. पुढच्या सकाळी दगड साफ होता. कुत्र्यानं नेली असेल, असं वामनरावांचं मत. खडा कुत्र्यानं का न्यावा, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

पसंतीचा कागद गेला. गावाच्या रकान्यात नागपूर. कारणाच्या रकान्यात ह्यांनी 'कोरडी हवा' लिहिलं, मी खोडलं नाही. जूनमध्ये आम्ही जातोय. शुभा रोज फेरा चालणार आहे, मीही चालणार आहे, मंडळींच्या मधून कुठून तरी. सगळ्यांच्या मागं मात्र मी चालणार नाही. ती जागा रिकामी नाही.